अनुशेष : एका मोजमापाची कुळकथा

रस्ते, सिंचन, शाळा अशा एखाद्या बाबतीत जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा जेवढा मागे असेल, ती तूट भरून काढायला लागणारा खर्च म्हणजे अनुशेष. महाराष्ट्रात हे माप १९८४ साली पक्के झाले. त्यामागची तक्रार मात्र राज्याच्या स्थापनेहूनही जुनी आहे.

विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रावर लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च करायचा आणि मराठवाड्याकडे खास लक्ष द्यायचे, असे २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात ठरले होते. पुढे १९५६ च्या घटनादुरुस्तीने कलम ३७१(२) मध्ये स्वतंत्र विकास मंडळांची आणि निधीच्या न्याय्य वाटपाची जबाबदारी राज्यपालांवर सोपवण्याची सोय केली. सोय कागदावर राहिली. १९७४ मध्ये मराठवाड्यात विकास आंदोलन पेटले, विदर्भाची कुरकुर तर कधीच थांबली नव्हती. पण मागे म्हणजे नेमके किती मागे, हे सांगणारे सर्वमान्य माप कोणाकडेच नव्हते.

ते शोधण्यासाठी १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीने विभाग नव्हे तर जिल्हा हा एकक धरला. सिंचनाचा हिशेब सर्वांत किचकट होता. नुसते ओलिताखालचे हेक्टर मोजले, तर बारमाही उसाचा हेक्टर आणि दोन-तीन पाण्यांवर येणाऱ्या ज्वारीचा हेक्टर सारखेच ठरतात. म्हणून सगळे सिंचन रब्बी ज्वारीच्या सममूल्य क्षेत्रात मांडले गेले. मग तुटीला दर लावून रुपये काढले. पुढारलेल्या जिल्ह्याची आघाडी शेजारच्या मागास जिल्ह्याच्या तुटीतून वजा केली नाही. त्यामुळे ३,१८६ कोटी ७७ लाखांच्या एकूण अनुशेषात विदर्भाचा वाटा ३९ टक्के आणि मराठवाड्याचा सुमारे २४ टक्के निघाला, तरी उर्वरित महाराष्ट्राच्या नावावरही ३७ टक्के पडले. साखर कारखान्यांच्या पट्ट्यालाच ‘उर्वरित महाराष्ट्र’ समजणाऱ्यांना कोकणाचा आणि दुष्काळी तालुक्यांचा विसर पडलेला असतो.

विकास मंडळे अखेर १९९४ मध्ये स्थापन झाली. त्यानंतर निर्देशांक व अनुशेष समितीने नव्याने हिशेब केला, तेव्हा १९९४ चा अनुशेष १४ हजार कोटींवर गेलेला दिसला. दर वाढतात, सरासरीही पुढे सरकते. त्यामुळे कामे होऊनही आकडा फुगू शकतो. डिसेंबर २००१ पासून राज्यपाल निधिवाटपाचे निर्देश देऊ लागले आणि वाद रस्त्यावरून अर्थसंकल्पाच्या तक्त्यांत शिरला.

या मापात एक उणीव पहिल्यापासून होती. त्यात सरकारने उभारलेल्या सोयी मोजल्या जातात, माणसाची कमाई नाही. कालवा पोचला की सिंचनाची तूट कमी दिसते, शेवटच्या शेतात पाणी पोचो वा न पोचो. शिवाय जिल्ह्याच्या सरासरीत मागास तालुका झाकला जातो. २०११ मध्ये नेमलेल्या विजय केळकर समितीने म्हणूनच तालुक्यापर्यंत उतरून पाहिले आणि पाण्याच्या प्रश्नाला मोठे स्थान दिले. तिचा अहवाल २०१३ मध्ये आला आणि पुढच्या वर्षी विधिमंडळात मांडला गेला. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली; ती पुन्हा स्थापन करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला.