जुन्या कीबोर्डपासून टेबलाखाली लपणारं म्यूट बटण कसं बनवायचं?

बंद पडलेला कीबोर्ड आपण सरळ भंगारात देतो. पण त्याच्या आत हाताच्या बोटाएवढी एक छोटी पट्टी असते आणि बहुतेक वेळा ती व्यवस्थित चालू असते. आज आपण त्या पट्टीपासून कम्प्युटरसाठी एक शॉर्टकट बटण बनवणार आहोत. टेबलाखाली लपलेलं, गुडघ्याने किंवा पायाने दाबता येणारं.

आधी हे बटण मला का लागलं ते सांगतो. मी संध्याकाळी नववीच्या मुलांची ऑनलाइन शिकवणी घेतो. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत माझं टेबल आणि त्याच खोलीत आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची, कॉट. आबांना दम्याचा त्रास आहे, खोकल्याची उबळ कधीही येते. एकदा गणित समजावताना ती आली आणि मी मागे वळून ओरडलो, "आबा, जरा गप्प बसा ना!" माइक चालूच होता. पलीकडे मुलं हसली. आबा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली की शाल घेऊन बाहेर जिन्यात जाऊन बसायला लागले.

"आत बसा, मी माइक बंद करेन" असं सांगून पाहिलं. पण खोकला आला की माझा हात घाईने माउसकडे जायचा, ते त्यांना दिसायचं आणि ते परत उठायचे. म्हणून मला असं बटण हवं होतं, जे दाबलेलं त्यांना दिसणार नाही.

## कीबोर्ड आतून कसा काम करतो?

साध्या कीबोर्डवर साधारण १०४ बटणं असतात. प्रत्येक बटणाला वेगळी वायर दिली तर वायरींचं जंगल होईल. म्हणून आत आडव्या आणि उभ्या रेषांची जाळी असते. तिला मॅट्रिक्स म्हणतात. समजा ८ आडव्या आणि १८ उभ्या रेषा आहेत. फक्त २६ रेषांत १४४ छेदनबिंदू मिळतात. प्रत्येक बटण म्हणजे असा एक छेदनबिंदू.

स्वस्त कीबोर्डमध्ये ही जाळी प्लॅस्टिकच्या पातळ कागदांवर छापलेली असते. वरच्या आणि खालच्या कागदावर वीज वाहणाऱ्या शाईच्या रेषा असतात. मधल्या कागदाला बटणांच्या जागी भोकं असतात. बटण दाबलं की वरचा कागद भोकातून खालच्याला टेकतो आणि दोन रेषा जुळतात. छोट्या पट्टीवरची चिप सगळ्या रेषा सतत तपासत असते. कुठल्या दोन रेषा जुळल्या यावरून ती कम्प्युटरला "अमुक बटण दाबलं" असं कळवते.

म्हणजे त्या दोन रेषा कशाने जुळल्या हे चिपला कळतच नाही. कीबोर्डचं बटण असो, वायरचा तुकडा असो की दाराच्या बेलचा स्विच, तिच्यासाठी सगळं सारखंच. आपला सगळा प्रोजेक्ट या एका गोष्टीवर उभा आहे.

## काय काय लागेल?

- जुना यूएसबी कीबोर्ड. काही बटणं खराब असली तरी चालेल. कम्प्युटरला जोडल्यावर कॅप्स लॉकचा दिवा लागत असेल तर चिप जिवंत आहे असं समजा. मी भंगारवाल्याकडून ५० रुपयांत घेतला.
- बेलचा पुश स्विच. दाबल्यावर चालू आणि सोडल्यावर बंद होणारा. लाइटचं साधं बटण चालणार नाही, कारण ते दाबलेलंच राहतं. भिंतीवरचा लावलेला स्विच काढू नका, सुटा पडलेला शोधा.
- एक-दीड मीटर दुहेरी वायर. जुन्या चार्जरची वायर उत्तम. इअरफोनच्या वायरवर वार्निशचा थर असतो, तिला सोल्डर पटकन धरत नाही. लॅन केबलमधली वायर कडक असते, पायाखाली सारखी हलली तर तुटते.
- सोल्डरिंग आयर्न, थोडं सोल्डर, इन्सुलेशन टेप, स्क्रू ड्रायव्हर, मार्कर.
- साबणाची जुनी डबी. पट्टी ठेवायला.

## बनवायची पद्धत

१. कीबोर्ड उघडा. आधी यूएसबी काढा. मागचे स्क्रू काढा. एखादा स्क्रू स्टिकरखाली लपलेला असतो. झाकण अजून अडकत असेल तर जोर लावू नका, तो स्क्रू शोधा.

२. कागदांवर खुणा करा. प्लॅस्टिकचे कागद बाहेर काढण्याआधी मार्करने "वर" आणि "खाली" लिहा. कागद उलटा धरला की सगळ्या रेषा आरशातल्यासारख्या उलट दिसतात. मी हे लिहिलं नव्हतं आणि अख्खा तास चुकीच्या रेषेमागे घालवला.

३. कुठलं बटण वापरायचं ते ठरवा. अक्षरांचं बटण घेऊ नका. स्विच अडकला तर स्क्रीनभर एकच अक्षर टाइप होत राहील. मी स्क्रोल लॉक निवडलं. ते रोजच्या कामात फारसं लागत नाही आणि बऱ्याच लॅपटॉपवर तर नसतंच.

४. दोन रेषा शोधा. वरच्या कागदावर स्क्रोल लॉकच्या ठिपक्यापासून निघणारी रेषा बोटाने शेपटीपर्यंत न्या. शेपटी म्हणजे कागदाचा जो भाग पट्टीवर दाबून बसवलेला असतो तो. ती कितव्या नंबरवर येते ते लिहा. खालच्या कागदावरही तसंच करा. आता पट्टीवरचे ते दोन काळे चौकोन तुमचे. मल्टिमीटर असला तरी इथे त्याचा बझर वाजेलच असं नाही, कारण शाईच्या रेषेला बराच रोध असतो.

५. सोल्डर करण्याआधी तपासा. पट्टी यूएसबीला जोडा आणि वायरच्या तुकड्याने ते दोन चौकोन जोडा. स्क्रोल लॉकचा दिवा पट्टीवर असेल तर तो लागेल. दिवा नसेल तर विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडून बघा. चौकोन जुळवताना यूएसबीच्या वायरी जिथे जोडल्या आहेत तिथे वायर लावू नका. तिथे ५ व्होल्टचा सप्लाय असतो आणि शॉर्ट झाला तर पोर्टला त्रास होऊ शकतो.

६. सोल्डर करा. यूएसबी पुन्हा काढा. काळ्या थराला सोल्डर चिकटत नाही, कारण तो कार्बन असतो. ब्लेडने तो हळूच खरवडा, खाली तांबं दिसेल. त्यावर सोल्डर लावा. आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, नाहीतर तांबं उखडून येईल. खिडकी उघडी ठेवा आणि काम झालं की हात साबणाने धुवा.

७. स्विच जोडा. वायरीची दुसरी दोन टोकं बेलच्या स्विचच्या दोन स्क्रूंना. उलटसुलट झाली तरी फरक पडत नाही.

८. डबीत बंद करा आणि लपवा. वायरीला डबीच्या आत एक गाठ मारा, म्हणजे ओढली गेली तरी सोल्डरवर ताण येणार नाही. टेबल लोखंडी असेल तर पट्टीखाली पुठ्ठा ठेवा. स्विच दुहेरी टेपने टेबलाच्या खालच्या बाजूला, गुडघ्याच्या अगदी वर. पायाने दाबायचा असेल तर लाकडाच्या फळीवर स्क्रूने बसवा.

## बटणाला काम द्या

आता कम्प्युटरला सांगायचं आहे की स्क्रोल लॉक आलं की माइक म्यूट कर. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरमध्ये 'रिमॅप अ की' निवडा. एका बाजूला स्क्रोल लॉक आणि दुसऱ्या बाजूला तुमचा शॉर्टकट द्या:

- झूम: ऑल्ट + ए
- गूगल मीट: कंट्रोल + डी
- मायक्रोसॉफ्ट टीम्स: कंट्रोल + शिफ्ट + एम

तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, झूममध्ये सेटिंग्जमधल्या कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये म्यूटसमोर 'ग्लोबल शॉर्टकट' चालू करा. मग समोर पीपीटी उघडी असली तरी बटण चालेल. मीटमध्ये मात्र मीटचीच टॅब समोर हवी. दुसरी टॅब समोर असताना क्रोममध्ये कंट्रोल + डी दाबलं तर माइक तसाच राहतो आणि पान बुकमार्क होतं!

दुसरी, पॉवरटॉइज बॅकग्राउंडला चालू असेल तरच हे काम करतं. आणि ते दोन कीबोर्डमध्ये फरक करत नाही. तुमच्या मुख्य कीबोर्डवरचं स्क्रोल लॉकही आता म्यूटच करेल.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची. हे बटण एकदा दाबलं की म्यूट, परत दाबलं की अनम्यूट. घाईत दोनदा दाबलं गेलं तर माइक चालूच राहतो. म्हणून दाबल्यावर स्क्रीनवरच्या माइकच्या चिन्हाकडे एक नजर टाकायची सवय लावा.

## मोबाइलवर चालेल का?

चालेल. अँड्रॉइड फोनला ओटीजी अडॅप्टर लावून हीच पट्टी जोडता येते. काही फोनमध्ये आधी सेटिंग्जमधून ओटीजी चालू करावं लागतं. तुमच्या जुन्या कीबोर्डवर आवाज वाढवायचं बटण असेल तर त्याच्या दोन रेषा शोधा. बहुतेक कॅमेरा ॲपमध्ये व्हॉल्यूमच्या बटणाने फोटो निघतो. म्हणजे ग्रुप फोटोसाठी वायरचं रिमोट तयार!

## एक इशारा

आपली पट्टी जोडली तेव्हा कम्प्युटरने पासवर्ड विचारला का? नाही. "मी कीबोर्ड आहे" असं जे उपकरण सांगतं त्यावर कम्प्युटर विश्वास ठेवतो. याच भोळेपणाचा गैरफायदाही घेता येतो. २०१४ मध्ये ब्लॅक हॅट परिषदेत कार्स्टन नोल आणि याकोब लेल या संशोधकांनी बॅडयूएसबी दाखवलं. त्यात पेन ड्राइव्हच्या आतला प्रोग्राम बदलून तो कीबोर्ड असल्याचं भासवता येतं आणि मग तो स्वतःच कमांड टाइप करतो.

आपली पट्टी असं काही करू शकत नाही, ती फक्त दाबलेलं बटण कळवते. पण धडा घ्यायचा तो हा: कुठे सापडलेला अनोळखी पेन ड्राइव्ह आपल्या मशीनला लावू नका. आणि आपलं हे बटण कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ऑफिसच्या कम्प्युटरला विचारल्याशिवाय जोडू नका. ऑनलाइन परीक्षेत तर नाहीच. लपवलेली वायर दिसली की तुमचा हेतू चांगला होता हे कुणी ऐकून घेणार नाही.

## माझ्या बटणाचं काय झालं?

गेले काही महिने ते रोज चालू आहे. एकदा वायर तुटली, ती लॅन केबलची होती. चार्जरची लावल्यापासून त्रास नाही. आबांना खोकला आला की मी गुडघा वर करतो, चेहरा स्क्रीनकडेच असतो.

आबांना मात्र कळलंच. टेबलाखाली पडलेला चष्मा शोधताना त्यांना बेलचा स्विच दिसला. त्यांनी तो दाबून पाहिला आणि विचारलं, "वाजत कशी नाही रे ही?" मी सगळं सांगितलं, त्या दिवशी ओरडलो त्याबद्दल माफीही मागितली. ते हसले. आता शिकवणीच्या वेळी ते कॉटवरच असतात. शाल खुंटीवर असते.