अमेरिकेतील यादवी युद्ध : गुलामगिरीचा अंत आणि अर्धवट राहिलेली मुक्ती

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांमध्ये १८६१ ते १८६५ या काळात उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील राज्यांत झालेले युद्ध हे त्या देशाच्या इतिहासातील सर्वाधिक प्राणहानीचे युद्ध होय. मृत सैनिकांची संख्या ६ लाख २० हजार असल्याचे दीर्घकाळ मानले जात होते. जनगणनेच्या नोंदींच्या आधारे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ती साडेसात लाखांच्या घरात असावी, असा निष्कर्ष काढण्यात आला. यांपैकी निम्म्याहून अधिक सैनिक रणांगणावर नव्हे, तर छावण्यांमध्ये हगवण, विषमज्वर आदी रोगांनी दगावले. या युद्धाअखेर सुमारे ४० लाख गुलाम कायद्याने मुक्त झाले. मात्र ही मुक्ती टिकवण्यासाठी आवश्यक असलेली जमीन, मताधिकार आणि न्यायालयाचे संरक्षण या तिन्ही गोष्टी त्यांना एक तर मिळाल्या नाहीत किंवा मिळून काढून घेण्यात आल्या.

संघर्षाची बीजे

या संघर्षाचे मूळ अमेरिकेच्या राज्यघटनेतच होते. १७८७ च्या मसुद्यात 'गुलाम' हा शब्द कटाक्षाने टाळण्यात आला. तथापि, प्रतिनिधिगृहातील जागा ठरवताना गुलामांची तीन-पंचमांश संख्या लोकसंख्येत धरण्याची तरतूद त्यात होती. परिणामी, ज्यांना मताचा अधिकार नव्हता अशा माणसांच्या संख्येवर त्यांच्या मालकांचे राजकीय बळ वाढले.

गुलामगिरी कालांतराने आपोआप क्षीण होईल, अशी आशा त्या काळी अनेक नेते बाळगून होते. सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राचा एली व्हिटनी यांनी १७९३ मध्ये शोध लावला आणि ही आशा फोल ठरली. कापसाची लागवड अत्यंत किफायतशीर झाली व मळे पश्चिमेकडे पसरू लागले. परदेशांतून गुलाम आणण्यास १८०८ पासून बंदी असूनही १७९० मध्ये सुमारे ७ लाख असलेली गुलामांची संख्या १८६० मध्ये ३९ लाखांवर पोहोचली. व्हर्जिनियासारख्या जुन्या राज्यांतून खालच्या दक्षिणेकडे माणसांची विक्री हाच एक मोठा व्यवसाय बनला. या व्यवहारात पती-पत्नी आणि माता-मुले यांची ताटातूट ही नित्याची बाब होती.

नव्या प्रदेशांत गुलामगिरीला परवानगी द्यावी की नाही, हा राजकारणातील कळीचा प्रश्न ठरला. १८२० आणि १८५० मध्ये तडजोडी झाल्या. १८५० च्या कायद्याने पळून आलेल्या गुलामांना पकडून देण्याची सक्ती उत्तरेतील नागरिकांवरही आली. आजवर दूरचा वाटणारा प्रश्न त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, कृष्णवर्णीय व्यक्ती अमेरिकेची नागरिक असू शकत नाही, तसेच प्रदेशांमध्ये गुलामगिरीवर बंदी घालण्याचा अधिकार काँग्रेसला नाही, असा निर्णय दिला. तडजोडीला त्यानंतर फारशी जागा उरली नाही.

फुटीपासून शरणागतीपर्यंत

नोव्हेंबर १८६० मध्ये अब्राहम लिंकन अध्यक्षपदी निवडून आले. गुलामगिरी असलेल्या राज्यांत हस्तक्षेप करण्याचे नव्हे, तर तिचा नव्या प्रदेशांतील विस्तार रोखण्याचे त्यांचे धोरण होते. तरीही २० डिसेंबर १८६० रोजी साउथ कॅरोलिना संघराज्यातून बाहेर पडले. पाठोपाठ आणखी दहा राज्ये फुटली आणि जेफर्सन डेव्हिस यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र राज्यसंघ स्थापन झाला.

हे युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी होते, गुलामगिरीसाठी नव्हे, असा युक्तिवाद पुढे बराच काळ करण्यात आला. फुटून निघालेल्यांची त्या वेळची निवेदने मात्र संदिग्ध नाहीत. मिसिसिपीने आपल्या जाहीरनाम्यात गुलामगिरीच्या रक्षणाचे कारण स्पष्ट शब्दांत दिले होते. राज्यसंघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मध्ये सव्हाना येथे केलेल्या भाषणात, वंशांची विषमता हीच नव्या सरकारची कोनशिला असल्याचे सांगितले होते. पराभवानंतर याच स्टीफन्स यांनी दोन खंडांचा ग्रंथ लिहून युद्धाचे कारण घटनात्मक मतभेद हे होते, असे प्रतिपादन केले, ही बाब बोलकी आहे.

१२ एप्रिल १८६१ रोजी साउथ कॅरोलिनातील फोर्ट सम्टरवर दक्षिणेच्या तोफा डागल्या गेल्या आणि युद्धाला तोंड फुटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली. अमेरिकेचा कापूस बंद झाल्याने लँकेशायरच्या गिरण्यांची मागणी भारताकडे वळली आणि मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे व्यापारी अमाप संपत्तीचे धनी झाले. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांच्या भागांवर सट्टा चालला. १८६५ मध्ये युद्ध संपल्याचे वृत्त येताच भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या. या तेजीत कापूस लावलेल्या दख्खनच्या शेतकऱ्यांच्या वाट्याला पुढील दशकात कर्जबाजारीपणा आला. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या सावकारविरोधी उठावामागील कारणांत या मंदीचाही समावेश होतो.

सप्टेंबर १८६२ मध्ये अँटिएटमच्या लढाईत एकाच दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३ हजार सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. दक्षिणेचे आक्रमण परतवले गेल्यानंतर लिंकन यांनी गुलाममुक्तीची घोषणा केली आणि १ जानेवारी १८६३ पासून ती अमलात आली. ही घोषणा केवळ बंडखोर प्रदेशांपुरती होती. केंटकी, मिसूरी, मेरीलँड आणि डेलावेअर या संघराज्यात राहिलेल्या राज्यांतील गुलामांना ती लागू नव्हती. म्हणजे जेथे लिंकन यांची सत्ता चालत नव्हती, तेथेच तिने मुक्ती जाहीर केली, अशी टीका तेव्हाही झाली. परंतु मळ्यांवरून हजारो गुलाम उत्तरेच्या सैन्याच्या आश्रयाला येतच होते. घोषणेने त्यांना कायदेशीर आधार मिळाला आणि लष्करात भरतीचा मार्ग खुला झाला. सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेकडून लढले. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्ग येथे दक्षिणेचा पराभव झाला. ९ एप्रिल १८६५ रोजी सेनापती रॉबर्ट ली यांनी युलिसिस ग्रँट यांच्यापुढे शरणागती पत्करली. सहाच दिवसांनी लिंकन यांचा मारेकऱ्याच्या गोळीने मृत्यू झाला.

जमिनीचे वचन आणि त्याचा भंग

राजधानी वॉशिंग्टनमधील गुलामांना १८६२ मध्येच मुक्त करण्यात आले होते. त्या वेळी प्रत्येक गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत नुकसानभरपाई देण्यात आली, ती मालकांना. गुलामांसाठी अशी भरपाई कधीच मंजूर झाली नाही. जानेवारी १८६५ मध्ये सेनापती विल्यम शर्मन यांनी साउथ कॅरोलिना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील जमिनी प्रत्येक कुटुंबाला ४० एकरांपर्यंत देण्याचा आदेश काढला. सुमारे ४० हजार मुक्त गुलाम त्या जमिनींवर वसले आणि त्यांनी पेरणीही केली. मात्र लिंकन यांच्यानंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी या जमिनी पूर्वीच्या मळेवाल्यांना परत करण्याचे धोरण स्वीकारले. बहुसंख्य मुक्त गुलाम पुन्हा त्याच मळ्यांवर वाट्याने शेती करू लागले. बियाणे आणि धान्य उधारीवर घ्यायचे, हंगामाच्या शेवटी हिशेब मालकाने मांडायचा, अशी ही पद्धत असल्याने कर्ज क्वचितच फिटत असे.

१८६५ ते १८७० या काळातील तीन घटनादुरुस्त्यांनी अनुक्रमे गुलामगिरी रद्द केली, नागरिकत्व दिले आणि वर्णावरून मताधिकार नाकारण्यास मनाई केली. लष्कराच्या संरक्षणात दक्षिणेत मतदान झाले. १८७० मध्ये मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स हे सिनेटमधील पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला, तो याच काळात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुईझियानातील कोलफॅक्स येथे सशस्त्र गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांचे हत्याकांड केले. मृतांचा आकडा साठच्या वर, तर काही अंदाजांनुसार दीडशेपर्यंत होता. सर्वोच्च न्यायालयाने १८७६ मध्ये मोजक्या दोषींची शिक्षाही रद्द ठरवली. अध्यक्षपदाच्या वादग्रस्त निवडणुकीनंतर १८७७ मध्ये दक्षिणेतील संघराज्याचे उरलेसुरले लष्करी संरक्षण काढून घेण्यात आले.

पुढचे काम राज्यांच्या कायद्यांनी केले. मतदान कर, साक्षरता चाचणी, त्यातून गोऱ्यांना सूट देणारे 'आजोबा कलम' अशा तरतुदींमध्ये वर्णाचा उल्लेख कोठेही नव्हता. लुईझियानात १८९६ मध्ये सुमारे १ लाख ३० हजार कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते; १९०४ मध्ये जेमतेम १,३०० उरले. दक्षिणेतील सेनानींचे भव्य पुतळे मोठ्या संख्येने उभे राहिले, तेही याच दशकांत. रिचमंडमधील ली यांचा पुतळा १८९० मधला. तो सप्टेंबर २०२१ मध्ये हटवण्यात आला. मताधिकाराला परिणामकारक संरक्षण मिळण्यासाठी १९६५ चा कायदा यावा लागला. त्यातील पूर्वपरवानगीची महत्त्वाची अट सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयामुळे २०१३ मध्ये निष्प्रभ झाली.

गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीत एक अपवाद आहे : गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी करून घेता येते. याच आधारे युद्धानंतर भटकंतीसारख्या क्षुल्लक आरोपांवरून कृष्णवर्णीयांना तुरुंगात टाकून खाणी व रेल्वे कंपन्यांना भाड्याने देण्यात आले. अलाबामात ही पद्धत १९२८ पर्यंत चालली. कोलोरॅडोने २०१८ मध्ये, तर नेब्रास्का आणि युटाने २०२० मध्ये आपापल्या राज्यघटनांतून असा अपवाद मतदानाने काढून टाकला. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये तशाच प्रस्तावाला मतदारांनी नकार दिला. देशाच्या राज्यघटनेतील अपवाद कायम आहे.