ख्रिस्ताचे याजकपण

येशू ख्रिस्त हा देव व मानव यांच्यामधील शाश्वत महायाजक आहे, अशी ख्रिस्ती धर्मातील मूलभूत शिकवण. नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ या अज्ञात लेखकाच्या ग्रंथात तिचे सर्वांत सविस्तर विवेचन आढळते.

पार्श्वभूमी : जुन्या करारात याजकपण लेवी वंशातील अहरोनाच्या कुळाकडे होते. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, महायाजक एकटाच पडद्याआडच्या परमपवित्रस्थानात जाई. ‘लेवीय’ या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायानुसार तो स्नान करून तागाची साधी वस्त्रे घाली, धूपाटण्यातील निखाऱ्यांवर धूप टाकून त्या धुराने दयासन (कराराच्या कोशाचे झाकण) झाकी आणि बळीचे रक्त दयासनासमोर बोटाने सात वेळा शिंपडी. लोकांसाठी बकरा अर्पण करण्यापूर्वी त्याला स्वतःच्या पापांसाठी गोऱ्हा अर्पावा लागे. हा विधी दरवर्षी नव्याने होई.

मलकीसदेकाची परंपरा : येशू यहूदा वंशातील असल्याने लेवीय नियमानुसार तो याजक ठरत नाही. पत्रलेखक त्यासाठी ११० व्या स्तोत्राचा आधार घेतो. तेथे मलकीसदेकाच्या परंपरेतील युगानुयुगाच्या याजकाचा उल्लेख आहे. उत्पत्तीच्या १४ व्या अध्यायात शालेमचा राजा आणि परात्पर देवाचा याजक मलकीसदेक अब्राहामाला आशीर्वाद देतो व त्याच्याकडून दशमांश स्वीकारतो. खुद्द लेवीच्या पूर्वजाने ज्याला दशमांश दिला त्याचे याजकपण श्रेष्ठ, असा पत्रातील युक्तिवाद आहे. मलकीसदेकाची वंशावळ वा मृत्यू शास्त्रात नोंदलेला नाही. म्हणून तो अंत नसलेल्या याजकपणाचे प्रतिरूप ठरतो.

स्वरूप : ख्रिस्ताच्या ठायी अर्पण करणारा आणि अर्पण एकच आहेत. वधस्तंभावर त्याने स्वतःला एकदाच अर्पिले; त्या अर्पणाची पुनरावृत्ती नाही. पत्रातील एक बारकावा येथे महत्त्वाचा आहे : लेवीय याजक रोज उभे राहून तेच ते यज्ञ करीत, ख्रिस्त मात्र अर्पण करून देवाच्या उजवीकडे बसला. त्याचे प्रायश्चित्ताचे कार्य पूर्ण झाले. भक्तांसाठी त्याची मध्यस्थी मात्र अखंड चालू आहे. तो निष्पाप होता, तरी मोह, वेदना व अश्रू त्याने अनुभवले होते. त्यामुळे मानवी दुर्बलतेविषयी त्याला सहानुभूती वाटते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायातील त्याच्या प्रार्थनेला परंपरेने ‘महायाजकीय प्रार्थना’ म्हणतात.

पंथीय भूमिका : रोमन कॅथलिक पंथाच्या ट्रेंट परिषदेने १५६२ मध्ये स्पष्ट केले, की मिस्सामध्ये (प्रभुभोजनाच्या विधीत) वधस्तंभावरचाच ख्रिस्त अर्पिला जातो, केवळ अर्पणाची रीत वेगळी असते. प्रोटेस्टंट सुधारकांनी मिस्साला यज्ञ मानण्यास नकार दिला. मार्टिन ल्यूथर यांनी १५२० मध्ये सर्व विश्वासणाऱ्यांच्या याजकपणाचा पुरस्कार केला. जॉन कॅल्व्हिन यांनी ख्रिस्ताचे कार्य संदेष्टा, याजक व राजा या तीन पदांच्या आधारे मांडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या सर्वांचे सामान्य याजकपण मान्य केले आणि दीक्षित धर्मगुरूंचे याजकपण त्याहून मूलतः भिन्न असले, तरी दोन्ही ख्रिस्ताच्या एकाच याजकपणात सहभागी आहेत, असे सांगितले.

विश्वासणाऱ्यांसाठी अर्थ : मत्तयाच्या शुभवर्तमानानुसार येशूच्या मृत्यूच्या वेळी मंदिराचा पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. पूर्वी वर्षातून एकदा एकाच माणसाला मिळणारा प्रवेश आता सर्वांना खुला झाला, असे ख्रिस्ती लोक मानतात. म्हणून ते ख्रिस्ताच्या नावाने निर्भयपणे प्रार्थना करतात. पेत्राच्या पहिल्या पत्रात त्यांना ‘राजकीय याजकगण’, म्हणजे राजाचे याजक, म्हटले आहे; इब्री लोकांस पत्रानुसार स्तुती, परोपकार व दानधर्म हीच त्यांची अर्पणे होत. क्षमा माणसाच्या पात्रतेवर नव्हे, तर ख्रिस्ताच्या पूर्ण झालेल्या अर्पणावर अवलंबून आहे, हे या शिकवणीचे सार आहे.