राखण आणि मुदत : देहरक्षणातून पुनरागमनाच्या कल्पनेचा इतिहास, पालघर-तारापूर परिसराच्या संदर्भात

१

मरण पावलेल्या मनुष्याचा देह अतिशीत अवस्थेत जपून ठेवावा आणि पुढे केव्हातरी वैद्यकास त्यास पुन्हा सजीव करण्याचे सामर्थ्य प्राप्त होईल अशी आशा धरावी, ह्या उपक्रमास पाश्चात्त्य देशांत 'क्रायोनिक्स' असे नाव आहे. शीत ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव १९६५ मध्ये न्यूयॉर्क येथे कार्ल वेर्नर ह्यांनी बनविले. कल्पना त्यापूर्वीच मांडली गेली होती. अमेरिकेतील भौतिकशास्त्राचे अध्यापक रॉबर्ट एटिंजर ह्यांनी १९६२ मध्ये ह्या विषयावरील आपले पुस्तक स्वतःच छापून प्रसृत केले. १२ जानेवारी १९६७ रोजी कॅलिफोर्नियात मृत्यू पावलेले मानसशास्त्राचे प्राध्यापक जेम्स बेडफर्ड ह्यांचा देह ह्या हेतूने गोठविण्यात आला. आजतागायत जपलेला असा तो पहिला देह होय. मराठीत ह्या उपक्रमास रूढ शब्द नाही. सोयीसाठी प्रस्तुत लेखात 'शीतरक्षण' हा शब्द योजिला आहे.

ह्या विषयाची चर्चा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते : हे शास्त्रतः शक्य आहे काय, आणि हे धर्मतः वा नीतीने योग्य आहे काय. इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने तिसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. ठेविलेल्या देहाची राखण कोणी करावयाची आणि किती काळ? देह राखून पुनरागमनाची वाट पाहण्याची कल्पना आपल्या परंपरेस नवी नाही. तथापि त्या परंपरेत राखणदार आणि मुदत ह्या दोन गोष्टी ठरलेल्या असत. शीतरक्षणाने ह्यांपैकी दुसरी काढून टाकली आणि पहिलीचे स्वरूप पालटले. पालघर, बोईसर आणि तारापूर ह्या पट्ट्यात असा एकही देह ठेविलेला नसताही हा प्रदेश ह्या प्रश्नाच्या अभ्यासास उपकारक का ठरतो, हे पुढे दिसून येईल.

२

प्रथम भाषेचा पुरावा पाहू. मृत देहास मराठीत शव, प्रेत, कलेवर, मढे असे अनेक शब्द आहेत. 'प्रेत' म्हणजे व्युत्पत्तीने पुढे गेलेला. संस्कृतात तो शब्द गेलेल्या व्यक्तीस लागे. मराठीत तो मागे राहिलेल्या देहास लागला. उलट सत्पुरुष 'वारले' असे म्हणण्याची रीत नाही. त्यांनी 'देह ठेविला' किंवा 'समाधी घेतली' असे म्हणतात. 'समाधी' हा शब्द मुळात चित्ताच्या एकाग्र अवस्थेचा वाचक. मराठीत तो त्या अवस्थेतील देहत्यागास आणि पुढे देहावर बांधलेल्या वास्तूसही लागू झाला. एकाच शब्दात अवस्था, घटना आणि दगडी बांधकाम अशी तिन्ही आल्यामुळे समाधिस्थ पुरुष मृत की जिवंत, हा प्रश्न भाषेनेच मोकळा ठेविला. ज्ञानेश्वरांनी शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, आळंदीस घेतलेल्या समाधीस 'संजीवन' हे विशेषण लागते. परंतु तेथे परत येण्याची अपेक्षा नाही. राखणदाराचे काम समाधी मिटलेली ठेवणे एवढेच आहे.

परत येण्याच्या कथा निराळ्या आहेत. चांगदेवांनी योगबळाने चौदाशे वर्षे मृत्यूस चुकविले अशी आख्यायिका आहे आणि ह्या कृतीस 'काळवंचना', म्हणजे काळाला फसविणे, असा शब्द आहे. परकायाप्रवेशाच्या कथांत तर मूळ देहाची राखण हाच कथेचा कणा असतो. शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या शरीरात प्रवेश केला, तेव्हा त्यांचा देह गुहेत शिष्यांच्या स्वाधीन होता. हा परत जाऊ नये म्हणून मंत्र्यांनी राज्यातील बेवारस प्रेते जाळण्याचा हुकूम सोडला आणि देहास अग्नी लागत असतानाच आचार्य परतले, असे शंकरदिग्विजयात वर्णिले आहे. मच्छिंद्रनाथांची ह्याच वळणाची कथा मराठी नवनाथपरंपरेत असून तेथे राखणीचे काम गोरखनाथांकडे आहे. ह्या कथांत संकट योगसामर्थ्य उणे पडल्यामुळे येत नाही. ते येते राखण उणी पडल्यामुळे.

मुदतीचा विचार धर्मशास्त्राने केला आहे. परदेशी जाऊन बेपत्ता झालेल्या मनुष्याची सामान्यतः बारा वर्षे वाट पाहावी आणि मग पालाशविधीने, म्हणजे पळसाच्या देठांची प्रतिकृती करून, त्याचा दाह करावा असे सांगितले आहे. बारा वर्षांच्या ह्या काळास मराठीत 'तप' हा स्वतंत्र शब्द आहे. दाह झाल्यावर तो मनुष्य परत आलाच तर काय करावे, हेही ग्रंथकारांनी सोडलेले नाही : त्यास घृतस्नान घालून जातकर्मापासून संस्कार पुन्हा करावेत. आशा नाकारलेली नाही. तिला मुदत घातली आहे, आणि मुदतीनंतरच्या पुनरागमनास पुन्हा जन्म मानले आहे. आधुनिक विधीतही हीच पद्धत दिसते. १८७२ च्या पुरावा कायद्याने सात वर्षे वार्ता नसलेल्या मनुष्याच्या मृत्यूचे अनुमान काढण्यास वाट दिली, आणि २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या पुरावा कायद्यातही ती कायम आहे.

३

महाराष्ट्रातील ह्या प्रकारचे सर्वांत जवळचे उदाहरण शिर्डीचे होय. १८८६ च्या मार्गशीर्ष पौर्णिमेस साईबाबांनी म्हाळसापतींस आपला देह तीन दिवस राखावयास सांगितले; तोवर परतलो नाही तर अमुक जागी पुरावे, अशीही आज्ञा केली. श्वास व नाडी थांबल्याचे पाहून पंचनामा झाला आणि देह पुरावा असा आग्रह होऊ लागला. परंतु म्हाळसापती देह मांडीवर घेऊन बसून राहिले आणि तिसऱ्या दिवशी श्वास परत आला, असे साईसच्चरिताची परंपरा सांगते. ह्या वृत्ताची वैद्यकीय चिकित्सा करणे हा येथे हेतू नाही. त्याची रचना लक्षणीय आहे. राखणदार नावाने नेमलेला आहे, मुदत तीन दिवसांची आहे, आणि आशा विफल झाल्यास पुढे काय करावयाचे हे ज्याचा देह त्यानेच आधी सांगून ठेविले आहे.

त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी पंजाबात घडलेला प्रकार ह्याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. जालंधर जिल्ह्यातील नूरमहल येथे 'दिव्य ज्योती जागृती संस्थान' ह्या संस्थेचे संस्थापक आशुतोष महाराज २९ जानेवारी २०१४ रोजी वैद्यकीय दृष्ट्या मृत ठरले. ते समाधीत आहेत असे सांगून अनुयायांनी त्यांचा देह शीतपेटीत ठेविला. वाद पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात गेला. १ डिसेंबर २०१४ रोजी एका न्यायमूर्तींनी अंत्यसंस्कार करण्याचा आदेश दिला आणि जुलै २०१७ मध्ये खंडपीठाने तो रद्द केला. येथे साधन आधुनिक आणि शब्द पुरातन आहे. आणि शिर्डीस जी मुदत होती ती येथे नाही. मुदत नसल्यामुळेच ती घालण्याचे काम न्यायालयापुढे आले.

ह्या ठिकाणी एका विशेषणाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात मृत्यू म्हणजे जीवनाच्या सर्व चिन्हांचा 'कायमचा' लोप, अशा आशयाची व्याख्या आहे. अवयवरोपणाच्या १९९४ च्या कायद्याने मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूस मान्यता दिली, तरी हे विशेषण तेथेही राहिले. समाधिवादी आणि शीतरक्षणवादी चिन्हांचा लोप नाकारीत नाहीत. त्यांचा वाद केवळ 'कायमचा' ह्या एका शब्दाशी आहे. म्हणूनच शीतरक्षण करणाऱ्या संस्था आपल्या ताब्यातील देहास शव न म्हणता 'रुग्ण' म्हणतात.

४

शीतरक्षणाच्या मागे शास्त्राचा आधार मुळीच नाही असे नव्हे. १९४९ मध्ये इंग्लंडात पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स ह्या संशोधकांनी ग्लिसरॉलच्या योगाने कोंबड्याचे शुक्रजंतू गोठवून पुन्हा सजीव करता येतात असे दाखविले. उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनात ठेविलेले वळूचे रेत आज महाराष्ट्रातील खेडोपाडी कृत्रिम रेतनासाठी वापरले जाते. उरुळीकांचनच्या 'बाएफ' संस्थेचे कार्य ह्याच तंत्रावर उभे आहे. परंतु पेशी आणि समग्र देह ह्यांत मोठे अंतर आहे. पेशीतील पाण्याचे बर्फ होऊन स्फटिक तिची रचना फाडतात. हे टाळण्यासाठी घालावयाची द्रव्ये मोठ्या अवयवात समप्रमाणात पोचविणे कठीण असते, व ती स्वतःही विषारी असतात. गोठविलेला कोणताही मनुष्यदेह अद्याप सजीव झालेला नाही.

तथापि ह्या चळवळीवरील सर्वांत मोठा आघात शास्त्रीय स्वरूपाचा नव्हता. कॅलिफोर्नियातील शीतरक्षण संस्थेने लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थ येथील दफनभूमीत, भूमिगत कोठडीत देह ठेविले होते. नातलगांकडून येणारा पैसा आटला, नायट्रोजन भरणे थांबले, आणि नऊ देह वितळून कुजले असल्याचे १९७९ मध्ये उघडकीस आले. नायट्रोजन सतत उडून जात असतो आणि सतत भरावा लागतो. म्हणजे शीत ही साठवून ठेवण्याची वस्तू नसून अखंड चालविण्याची सेवा आहे. बेडफर्ड ह्यांचा देह टिकला तो त्यांच्या कुटुंबीयांनी अनेक वर्षे तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवीत जपला म्हणून; १९८२ मध्ये तो 'अल्कॉर' ह्या संस्थेकडे गेला. ह्या कुटुंबीयांचे काम आणि म्हाळसापतींचे काम तत्त्वतः एकच. भेद मुदतीचा.

५

बिनमुदत राखण मनुष्यास साधते काय? ह्या प्रश्नाची दोन उत्तरे पालघर जिल्ह्यात जवळजवळ सापडतात.

पहिले डहाणूच्या उत्तरेस असलेल्या बाहरोटच्या डोंगरात आहे. संजाण पडल्यानंतर पारशी धर्मगुरूंनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, ह्या डोंगरातील लेण्यांत आणून बारा वर्षे राखिला, असे नवसारीच्या बहमन कैकोबाद ह्यांनी १५९९ च्या सुमारास रचलेल्या किस्सा-ए-संजाणमध्ये म्हटले आहे. तेथून तो वांसदा व नवसारी येथे गेला आणि १७४२ पासून उदवाडा येथे आहे. स्थाने बदलली, राज्ये बदलली. पण दिवसाच्या पाच प्रहरांत पाच वेळा त्यास काष्ठ अर्पण करण्याचे काम पुरोहितकुळांनी चालविले. येथे एक विसंगती विचारात घेण्याजोगी आहे. युगान्ती मृतांचे पुनरुत्थान होईल अशी जरथुश्त्री धर्माची निःसंदिग्ध श्रद्धा आहे, आणि तरीही ह्या समाजाने देह राखिला नाही. तो दख्म्यात पक्ष्यांच्या स्वाधीन केला. तारापूर ही पारशांची जुनी वस्ती. ह्या लोकांनी पुनरुत्थानाची आशा देवावर सोपविली आणि आपली राखण अग्नीसाठी ठेविली. पुनरागमनाची श्रद्धा आणि देहाचे रक्षण ह्यांचा संबंध अपरिहार्य नाही, हे ह्यावरून सिद्ध होते.

दुसरे उत्तर तारापूरच्याच किनाऱ्यावर आहे. भारत आणि अमेरिका ह्यांच्यातील १९६३ च्या करारान्वये बांधलेल्या येथील अणुविद्युत्केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या. अणुभट्टीतून काढलेले वापरलेले इंधन विझलेले नसते. त्यातील किरणोत्सारी द्रव्ये उष्णता देत राहतात, म्हणून ते वर्षानुवर्षे पाण्याच्या हौदात थंड ठेवावे लागते. ह्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करण्यास अमेरिकेने संमती दिली नाही. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर तर संबंधच बिघडले. तीस वर्षांच्या कराराची मुदत १९९३ मध्ये संपली, परंतु वस्तू उरली आणि तिची राखणही. पुढे तिसऱ्या व चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली. दीर्घ राखणीचा भार ज्यांनी ती पत्करली त्यांच्यावरच पडतो असे नाही, हेही येथे दिसते.

६

ह्या विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. देह राखून पुनरागमनाची वाट पाहणे ही केवळ आधुनिक किंवा पाश्चात्त्य कल्पना नव्हे. आपल्याकडील जुन्या रूपात ती राखणदाराच्या आयुष्यात मावेल अशी असे : तीन दिवस, किंवा एक तप. मुदतीमुळे मागे राहिलेल्यांस शोक करण्याचा आणि पुढे जाण्याचा अधिकार मिळे. बिनमुदत राखण जेथे शतकानुशतके टिकली, तेथे राखणारा एक समाज होता आणि त्या राखणीतच त्याच्या नित्य जीवनाचा अर्थ सामावला होता. जेथे ती वस्तूच्या धोक्यामुळे गळ्यात पडली, तेथे शासनाची सत्ता आणि खजिना पाठीशी राहिला. शीतरक्षणापाशी ह्यांपैकी काही नाही. त्याच्यापाशी वर्गणी, विश्वस्तनिधी आणि करारपत्र आहे. ज्याच्यासाठी करार झाला तो मात्र कराराचा भंग झाल्यास दाद मागू शकत नाही.

नूरमहलसारखा वाद उद्या महाराष्ट्रातील न्यायालयापुढे आल्यास मृत्यूच्या व्याख्येतील 'कायमचा' ह्या शब्दाचा कीस काढला जाईल, ह्यात शंका नाही. परंतु तेथे प्रथम विचारावयाचा प्रश्न साधा आहे, आणि शिर्डीस १८८६ मध्ये ज्याचा देह त्यानेच त्याचे उत्तर देऊन ठेविले होते : कोण राखील, किती दिवस, आणि त्यानंतर काय करावयाचे.