जुन्या गाडीसाठी योग्य इंजिन ऑइल कसं निवडायचं? प्रीमिअर पद्मिनीच्या उदाहरणासह संपूर्ण माहिती

आजोबांची किंवा बाबांची जुनी गाडी घरी कव्हरखाली उभी आहे आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायचा विचार तुमच्या डोक्यात घोळतोय का? मग रंग, सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिमच्या आधी इंजिन ऑइलकडे बघा. रंग पुन्हा देता येतो. पण ऑइल चुकलं आणि कॅमशाफ्ट झिजला तर इंजिन उघडावं लागतं आणि पार्टसाठी कुर्ल्याच्या भंगार बाजारात चकरा सुरू होतात. पार्ट मिळेलच याची खात्री कोणी देत नाही.

"जुनी गाडी आहे, कुठलंही जाड ऑइल टाक" किंवा "सगळ्यात महाग सिंथेटिक टाक" असे दोन सल्ले सगळीकडे ऐकायला मिळतात. दोन्ही अर्धवट आहेत. चला, नीट समजून घेऊ.

पद्मिनीचं इंजिन आजच्या गाड्यांपेक्षा वेगळं कसं?

१९६४ पासून प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाइट बनवायला सुरुवात केली. हीच गाडी पुढे प्रीमिअर पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सगळ्यांना माहीत आहे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस टॅक्सी म्हणून तिचा प्रवास संपला, पण अनेक घरांत ती अजून जपलेली आहे.

तिचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं आणि कार्बोरेटरवर चालणारं. कॅमशाफ्ट वर हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्ये असतो. कॅमचा उंचवटा टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो आणि मग वरचा व्हॉल्व्ह उघडतो. यातला टॅपेट सपाट असतो, म्हणजे तो कॅमवर रोलरसारखा फिरत नाही, घासत सरकतो. अगदी बारीक पट्टीएवढ्या जागेवर प्रचंड दाब येतो. इंजिनमधली ही सगळ्यात नाजूक जागा, आणि तिला वाचवणारी गोष्ट एकच : ऑइल.

डब्यावरच्या २०डब्ल्यू-५० चा अर्थ काय?

हे आकडे ऑइलचा जाडपणा सांगतात, दर्जा नाही. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, थंडी. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं. २०डब्ल्यू ऑइलची पंपातून वाहण्याची चाचणी उणे २० अंशांना होते, तर ५डब्ल्यूची उणे ३५ अंशांना. आपल्याकडे महाबळेश्वरलासुद्धा एवढी थंडी पडत नाही. म्हणजे पद्मिनीला ५डब्ल्यूची गरज हवामानामुळे तरी नाही.

दुसरा आकडा इंजिन गरम झाल्यावरचा जाडपणा सांगतो. तो १०० अंशांना सेंटिस्टोक या एककात मोजतात :

- २० ग्रेड : ६.९ ते ९.३
- ३० ग्रेड : ९.३ ते १२.५
- ४० ग्रेड : १२.५ ते १६.३
- ५० ग्रेड : १६.३ ते २१.९

आजच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० लागतं. त्यांच्या पार्टमधल्या फटी अगदी बारीक असतात आणि पातळ ऑइलमुळे मायलेज वाढतं. जुन्या, झिजलेल्या इंजिनात बेअरिंगच्या फटी मोठ्या असतात. तिथे इतकं पातळ ऑइल टिकत नाही, सहज निसटतं आणि प्रेशर पडतं.

एपीआयची अक्षरं आणि झिंकचा प्रश्न

डब्यावर एपीआय एसएल, एसएन, एसपी असं काहीतरी लिहिलेलं असतं. 'एस' म्हणजे पेट्रोल इंजिनसाठी. पुढचं अक्षर जितकं नंतरचं, तितका दर्जा नवा. एसएल २००१ चा, एसएम २००४ चा, एसएन २०१० चा आणि एसपी २०२० चा.

मग सगळ्यात नवं तेच चांगलं का? इथेच जुन्या गाडीवाल्यांची गडबड होते. ऑइलमध्ये झिंक आणि फॉस्फरस असलेलं झेडडीडीपी नावाचं रसायन घालतात. दाब आणि उष्णता वाढली की त्याचा धातूवर एक पातळ थर बसतो. कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासतात तेव्हा हाच थर झीज स्वतःवर घेतो.

पण ऑइल थोडंफार जळतं आणि त्यातला फॉस्फरस सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. भारतात चार महानगरांमध्ये १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर आला. जगभरातच कन्व्हर्टर वाचवण्यासाठी फॉस्फरस कमी करत नेला गेला. एसएमपासून त्याची कमाल मर्यादा ०.०८ टक्के, म्हणजे ८०० पीपीएम झाली.

जुन्या पद्मिनीला कन्व्हर्टरच नाही. त्यामुळे या बदलाचा तिला फायदा शून्य आणि तोटा मात्र थेट कॅमला.

आता महत्त्वाचा मुद्दा. ही मर्यादा मुख्यतः २० आणि ३० ग्रेडच्या ऑइलला लागू आहे. २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ला ती लागत नाही. म्हणून डब्यावर एसएन दिसलं की लगेच घाबरू नका. कंपनीच्या वेबसाइटवर त्या ऑइलची प्रॉडक्ट डेटा शीट फोनवर उघडा आणि फॉस्फरस व झिंकचा आकडा शोधा. साधारण १००० ते १२०० पीपीएम असेल तर सपाट टॅपेटसाठी चांगलं. आकडा दिलेलाच नसेल तर कंपनीच्या कस्टमर केअरला सरळ ईमेल करा.

मग नेमकं कोणतं घ्यायचं?

पहिला मान गाडीच्या मॅन्युअलला. ते नसेल तर असा विचार करा :

- इंजिन नुकतंच बांधलंय किंवा धडधाकट आहे : २०डब्ल्यू-४० मिनरल ऑइल.
- इंजिन जुनं आहे, थोडं ऑइल खातं किंवा विदर्भासारख्या कडक उन्हात चालतं : २०डब्ल्यू-५०.
- कॅम आणि टॅपेट नवीन टाकलेत : सुरुवातीच्या रनिंगसाठी जास्त झिंकचं ऑइल. कोणतं ते इंजिन बांधणाऱ्या मेकॅनिकला विचारा.

हे पद्मिनीसाठी झालं. मारुती ८०० चं इंजिन वेगळ्या रचनेचं आहे, तिला हाच नियम लावू नका.

नेहमीचे गैरसमज

*सिंथेटिकने सील फुटतात.* आजचं सिंथेटिक सील खात नाही. पण कडक झालेल्या सीलभोवती साचलेला गाळ नव्या ऑइलमुळे धुऊन निघतो आणि आधीपासून असलेली गळती दिसायला लागते. शिवाय पद्मिनीला सिंथेटिकचा खर्च परवडेल इतका फायदा मिळत नाही.

*ऑइलचा दिवा लुकलुकला की जाड ऑइल टाकायचं.* आधी प्रेशर गेजने खरं प्रेशर तपासा. बेअरिंग झिजली असतील तर जाड ऑइलने दिवा विझेल, झीज थांबणार नाही.

*वरून झिंकची बाटली ओतली की झालं.* ऑइलमधली रसायनं मोजून मिसळलेली असतात. अंदाजे भर घातली तर तो तोल बिघडतो.

*डिझेलचं ऑइल चालतं.* डब्यावर फक्त 'सी'ची अक्षरं असतील तर नको. सोबत 'एस'चं अक्षर हवं.

ऑइल बदलताना

1. गाडी थोडी चालवून गरम करा, मग जुनं ऑइल काढा. गाळ सोबत निघतो. हात सांभाळा.
2. फिल्टर आणि ड्रेन नटचा वॉशर बदला.
3. सपाट जागेवर काही मिनिटं थांबून डिपस्टिक बघा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी, वरच्या खुणेपलीकडे नको.
4. गाडी वर्षानुवर्षं उभी असेल तर पहिलं ऑइल काही शे किलोमीटरमध्येच बदला. सुटलेला गाळ पंपाची जाळी बुजवू शकतो.
5. सीलबंद डबा घ्या, त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करा आणि बॅच नंबरचा फोटो ठेवा.
6. जुनं ऑइल गटारात ओतू नका, गॅरेजमध्ये द्या.

किलोमीटर कमी झाले तरी वर्षातून एकदा ऑइल बदलाच. उभ्या गाडीच्या ऑइलमध्ये ओलावा आणि पेट्रोल मिसळतं, पावसाळ्यात तर जास्तच. नुसती जागेवर पाच मिनिटं चालू ठेवून ते उडत नाही. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर फिरवा.

थोडक्यात

आधी मॅन्युअल, मग ग्रेड, मग झिंकचा आकडा आणि सगळ्यात शेवटी ब्रँड. या क्रमाने डबा निवडलात तर दुकानदाराने काहीही सुचवलं तरी हो की नाही, हे तुम्हाला स्वतःला ठरवता येईल.