वाऱ्याकडे तोंड करून

‘सायक्लोन’ हा शब्द घडला तो कलकत्त्यात. पूर्वाश्रमीचे जहाजकप्तान हेन्री पिडिंग्टन यांनी 1848 साली दर्यावर्दींसाठी वादळांच्या नियमांची पुस्तिका प्रसिद्ध केली, तीत तो आला. ग्रीक शब्दातून त्यांना सर्पाचे वेटोळे सूचित करायचे होते. आमच्या ‘चक्रीवादळा’त चक्र उरले, सर्प निसटला, याची आम्हांला थोडी रुखरुख वाटते.

पुस्तिकेसोबत शिंगाच्या पारदर्शक चकत्या होत्या. त्यांवर वाऱ्यांची वर्तुळे कोरलेली. चकती नकाशावर ठेवायची, वाऱ्याची दिशा जुळवायची आणि वादळाचे केंद्र कोठे असेल ते ताडायचे. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले, तर केंद्र साधारणपणे उजव्या हाताला असते. एवढे कळले की सुकाणू फिरवून केंद्रापासून दूर जाता येई. खवळलेल्या समुद्रात घाबऱ्या माणसालाही वापरता यावी अशी ही विद्या होती, आणि तिचे मोठेपण आम्हांला यातच दिसते.

पण ही विद्या जागचे हलू शकणाऱ्यांची. जमिनीवरच्या वस्तीने काय करावे? हुगळी गाळाने भरून जाईल या भीतीने सरकारने मातला नदीच्या काठी नवे बंदर वसवण्याचे योजिले, तेव्हा 1853 साली पिडिंग्टन यांनी गव्हर्नर जनरलला जाहीर पत्र लिहून धोक्याची सूचना दिली. वाऱ्यापेक्षाही त्याबरोबर चढून येणारी समुद्राची लाट घात करील, असे त्यांचे म्हणणे होते. नदीच्या नावातच खरे तर इशारा होता. बंगालीतली ‘मातला’ आणि मराठीतले ‘मातणे’ यांचे नाते सांगायला भाषाशास्त्रज्ञ नको. पत्राचा उपयोग झाला नाही. 1858 मध्ये पिडिंग्टन वारले. पोर्ट कॅनिंगला धक्के झाले, रेल्वेही पोहोचली.

5 ऑक्टोबर 1864 च्या वादळात हुगळीतून लाट आत शिरली आणि हजारो माणसे गेली. पुढच्याच वर्षी कलकत्ता बंदरात वादळसूचनेची व्यवस्था आली, 1875 मध्ये हवामान खाते स्थापन झाले. मात्र मातलाकाठचे काम 1864 नंतरही थांबले नाही. जहाजांना सावध करणाऱ्या राजवटीने आपल्या बंदराची जागा फिरून तपासली नाही, हे आम्हांला अज्ञानापेक्षा गंभीर वाटते. ज्ञान हाताशी होते. गुंतलेला पैसाही होता.

1 नोव्हेंबर 1867 रोजी वादळ आले. लाट 1864 च्या मानाने लहानच होती, तरी बंदराची वाताहत झाली. काही वर्षांतच ते सोडून देण्यात आले.

रेल्वे मात्र राहिली. सियालदहहून सुटणारी लोकल आजही कॅनिंगला येते आणि सुंदरबनातली माणसे तेथून पुढे नावेने किंवा रस्त्याने आपापल्या बेटांकडे जातात. 25 मे 2009 रोजी ‘आयला’ने त्याच बेटांचे मातीचे बांध फोडले आणि भातखाचरांत खारे पाणी भरले.