गृहविनोदांतील मुलें आणि पैसा

शेवटीं सर्व कांहीं पूर्ववत् व्हावें, असा प्रहसनाचा एक जुना दंडक आहे. अमेरिकेंतील दूरचित्रवाणीवर जे कौटुंबिक विनोदी खेळ होतात व ज्यांस 'सिटकॉम' असें नांव आहे, त्यांनीं हा दंडक अर्ध्या तासाच्या मापांत बसविला. भांडण व्हावें, समेट व्हावा, आणि पुढील आठवड्यांत तेंच कुटुंब त्याच कोचावर पुन्हां दिसावें. अशा रचनेंत श्रीमंती-गरिबीचें खरें चित्र उमटणें कठीण. कारण कर्ज आणि अपमान अर्ध्या तासांत फिटत नाहींत. तथापि या रचनेंत एक फट आहे. आईबाप वर्षानुवर्षें आहेत तसेच चालतात, परंतु मुलांचें काम करणारीं मुलें खरोखरच वाढतात. तीं सोळा-सतरा वर्षांचीं झालीं कीं, पुढें काय, आणि त्यास पैसा कोठून, हा प्रश्न लेखकांस टाळतां येत नाहीं.

प्रारंभीं तो टाळलाच गेला. १९५७ ते १९६३ पर्यंत चाललेल्या 'लीव्ह इट टू बीव्हर' या खेळांतील उपनगरी घरास पैशाची चणचण ठाऊकच नव्हती. १९७४ सालीं 'गुड टाइम्स'नें शिकागोच्या सरकारी वसाहतींतील कृष्णवर्णीय कुटुंब पुढें आणलें, तेव्हां घरभाड्याची चिंता विनोदाचा नित्य विषय झाली.

१९८४ च्या 'द कॉस्बी शो'मध्यें बाप डॉक्टर आणि आई वकील. खेळाच्या प्रमुखाची कीर्ति पुढें गंभीर आरोपांनीं लयास गेली. परंतु पहिल्याच भागांतील एक प्रसंग स्मरणांत राहण्यासारखा आहे. अभ्यासांत मागें पडलेला मुलगा म्हणतो कीं, मला सामान्य माणूस व्हावयाचें आहे. बाप खेळांतल्या नोटा त्याच्या हातीं पगार म्हणून ठेवतो, आणि कर, भाडें अशा एकेका खर्चासाठीं त्या परत काढून घेतो. मग मुलगा कळवळून सांगतो कीं, आहे तसाच माझा स्वीकार करा; त्यावर प्रेक्षक टाळ्या वाजवितात. बाप मात्र तें बोलणें वेडगळ ठरवितो. बापाची श्रीमंती मुलाची कमाई नव्हे, हा त्या प्रसंगाचा अर्थ. पण बापाच्या घरीं राहून गरिबीचा धडा नोटांच्या खेळानें शिकतां येतो, हेंच केवढें भाग्य!

तो धडा १९८८ च्या 'रोझॅन'मध्यें खेळ राहिला नाहीं. तेथें आरंभीं आई प्लॅस्टिकच्या कारखान्यांत राबते. १९९२ सालीं बापाचें मोटरसायकलींचें दुकान बुडतें, थोरल्या मुलीच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठीं ठेवलेला पैसा जातो, आणि ती हुशार मुलगी त्याच दुकानांतील बेकार झालेल्या तरुणाशीं लग्न करून दूर गांवीं निघून जाते. हा आघात पुढच्या आठवड्यांत पुसला गेला नाहीं. त्याची कटुता पुढील भागांतहि उरली. प्रहसनाचा दंडक येथें मोडला, आणि तो मोडला म्हणूनच ही मालिका खरी वाटते.

१९९० ते १९९६ पर्यंतच्या 'द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर'नें प्रश्न आणखी अवघड केला. फिलाडेल्फियाच्या सामान्य वस्तींतील विल श्रीमंत मावशीच्या घरीं येतो. वकील काका आपलें मूळ विसरले, असा तो टोमणा मारतो. काका आपल्या तरुणपणच्या लढ्याची आठवण देऊन त्यास गप्प करतात. आणि ते निघून गेल्यावर हाच उनाड पोर पियानोवर बेथोव्हेन वाजवूं लागतो. एकमेकांविषयीं दोघांचेहि अंदाज चुकलेले! त्याच वर्षाच्या दुसऱ्या एका भागांत विल आणि काकांचा मुलगा कार्लटन एका परिचिताची महागडी मोटार नेत असतां, ती चोरीची समजून पोलीस त्यांस कोठडींत टाकतात. विलला त्याचें नवल वाटत नाहीं. पोलिसांनीं कर्तव्यच केलें, असें कार्लटन म्हणत राहतो. परंतु शेवटीं त्याचाहि विश्वास डळमळतो. पैशानें वस्ती बदलते, शाळा बदलते. कातडीचा रंग पाहणारी नजर बदलत नाहीं, हें त्यास त्या रात्रीं कळूं लागतें.

'माल्कम इन द मिडल'चा शेवटचा भाग २००६ सालचा आहे. त्यांत कुशाग्र मुलास भरघोस पगाराची नोकरी चालून येते; ती त्याची आईच परस्पर झिडकारते. त्यानें हार्वर्डला जावें, तेथें झाडलोट करून शिकावें, आणि एके दिवशीं गरिबांची कळ जाणणारा राष्ट्राध्यक्ष व्हावें, हा तिचा हट्ट. प्रेक्षक हंसतात; पण आपल्या घराचीं सर्व दैन्यें एका मुलाच्या खांद्यावर ठेवण्याचा अधिकार आईस कोणी दिला, हा प्रश्न हंसूं ओसरल्यावरहि उरतो. वर्गभेदाचें ओझें आईबाप वाहतात असें आपण समजतों. तें खरोखर कोणाच्या वांट्यास येतें, हें या खेळांनीं आपल्याही नकळत दाखवून दिलें आहे.